वन पीसमधलं अलाबास्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एइइचिरो ओदा यांच्या 'वन पीस' या जपानी मांगातला, म्हणजे चित्रकथामालिकेतला, अलाबास्टाचा भाग संपला की वाचणाऱ्याला काही प्रश्न हटकून पडतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कथेचा शेवटही यात आला आहे. त्यामुळे पहिल्यांदाच वाचणार असाल तर सुरुवातीची दोन उत्तरं वाचून थांबा आणि आधी मांगा हातात घ्या.

हा भाग नेमका कुठून कुठपर्यंत आहे?

मांगात प्रकरण 155 ते 217, म्हणजे सतराव्या खंडाच्या अखेरीपासून चोविसाव्या खंडाच्या सुरुवातीपर्यंत. ॲनिमेत, म्हणजे त्यावरच्या कार्टून मालिकेत, भाग 92 ते 130. पण अलाबास्टाची बीजं बरीच आधी पेरली जातात. कथेचा नायक लुफी आणि त्याची चाच्यांची टोळी ग्रँड लाइन या समुद्रात शिरते तिथपासून, साधारण प्रकरण 101 पासून, सगळं याच वाळवंटाकडे चाललेलं असतं. व्हिस्की पीक, लिटल गार्डन आणि ड्रम बेट ही मधली मुक्कामाची ठिकाणं. ती गाळू नका. अलाबास्टाची राजकन्या विवी कोण आहे आणि ती कशासाठी जीव टांगणीला लावून फिरते आहे हे त्याच प्रवासात कळतं. ते माहीत नसेल तर राजधानी अलुबार्नाच्या चौकातलं तिचं ओरडणं नुसतं ओरडणंच वाटेल.

आधीचं काहीच वाचलेलं नसेल तर थेट इथून सुरुवात केली तर चालेल का?

गोष्ट कळेल, पण भिडणार नाही. पहिल्या प्रकरणापासूनच वाचा. तेवढा वेळ नसेलच तर निदान टोळीतल्या नामीच्या गावाचा, म्हणजे आर्लाँग या खलनायकाचा भाग वाचून घ्या. एका मुलीने आपल्या माणसांसाठी सगळं एकटीने सोसायचं ठरवणं आणि शेवटी मदत मागणं हे तिथे आधी येऊन गेलं आहे. विवीची गोष्ट तोच धागा गावावरून अख्ख्या देशावर नेते.

थोडक्यात गोष्ट काय आहे?

अलाबास्टा हे वाळवंटातलं जुनं, समृद्ध राज्य. अलुबार्ना ही त्याची राजधानी, सँडोरा ही मोठी नदी आणि नेफरतारी कोब्रा हा राजा. तीन वर्षांपासून देशात पाऊस नाही, पडतो तो फक्त राजधानीत. राजा पाऊस चोरतो अशी लोकांची खात्री होत जाते आणि बंड पेटतं. प्रत्यक्षात हा सगळा कट क्रोकोडाइलचा असतो. जागतिक सरकारने परवाना दिलेल्या सात सागरी सरदारांपैकी तो एक, आणि अलाबास्टाच्या जनतेचा लाडका वीर. राजकन्या विवीला हे कळतं. पुरावा घेऊन घरी पोचायला तिला जहाज हवं असतं, आणि ते तिला एका छोट्या चाच्यांच्या टोळीकडून मिळतं.

देशाचा शत्रू देशातच राहतो आणि कुणालाच कसं कळत नाही?

या भागाचं मोठेपण याच प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्रोकोडाइल लपूनछपून राहत नाही. रेनबेस या जुगाराच्या शहरात त्याचा मोठा कसिनो आहे. किनाऱ्यावर चाचे उतरले की तो येऊन त्यांना लोळवतो. लोक त्याच्या नावाने जयजयकार करतात, लहान मुलं त्याला बघायला धावतात. त्याच वेळी 'बरोक वर्क्स' या गुप्त संघटनेचा तो प्रमुख असतो आणि संघटनेतल्या बहुतेक माणसांनाही आपल्या मालकाचा चेहरा माहीत नसतो.

राज्य जिंकायला तो सैन्य आणत नाही. लोकांच्या मनात आधीच असलेल्या गोष्टी तो वापरतो: तहान, राजावरचा विश्वास, आणि तो विश्वास तुटल्यावर उरणारा संताप. पाऊस पाडणाऱ्या डान्स पावडरचा साठा राजवाड्याच्या नावावर सापडेल अशी तजवीज होते. बंडखोर म्हणून वावरणारे त्याचे हस्तक एरुमालूला सँडोराचं पाणी देणारा कालवा फोडतात आणि हिरवंगार शहर ओसाड होतं. दोन्ही फौजांत त्याची माणसं पेरलेली असतात. शेवटी कुणाचंही रूप घेऊ शकणारा त्याचा हस्तक बॉन क्ले राजाचं रूप घेऊन नानोहाना बंदरात उभा राहतो, पाऊस आपणच चोरला असं कबूल करतो आणि शहर पेटवून देतो. त्यानंतर बंडखोरांना थांबवणं कुणाच्याही हातात राहत नाही.

बंडखोर वाईट नाहीत आणि राजसैनिकही नाहीत. बंडाचा नेता कोझा हा विवीचा बालमित्र. लहानपणी तिला वाचवताना त्याच्या डोळ्यावर वार बसला होता, त्याचा व्रण अजून आहे. आपण देश वाचवतोय असं दोन्हीकडच्या प्रत्येकाला मनापासून वाटतं. जुलमी माणसाने हेच हेरलं आहे. लोकांच्या देशप्रेमालाच त्याने त्यांच्याविरुद्ध उभं केलं आहे.

डान्स पावडर म्हणजे काय? असं खरंच काही असतं का?

कथेत ही भुकटी जाळून तिचा धूर आकाशात सोडतात आणि ढगांतून पाऊस पाडतात. एका जागी पाऊस पाडला की वाऱ्यासोबत पुढे जाऊन जो दुसऱ्या गावात पडला असता तो पडत नाही. म्हणून जागतिक सरकारने ती बनवण्यावर आणि बाळगण्यावर बंदी घातलेली आहे.

यामागची कल्पना खऱ्या विज्ञानातली आहे. ढगांत कोरडा बर्फ टाकून हिमकण तयार करण्याचे प्रयोग 1946 मध्ये अमेरिकेत झाले आणि लगेच सिल्व्हर आयोडाइडचा वापर पुढे आला. महाराष्ट्राला हे नवीन नाही. दुष्काळाच्या सावटात 2015 आणि 2019 मध्ये राज्य सरकारने मराठवाड्यासाठी कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, तेव्हा विमान आज उडणार का हा गावोगावचा प्रश्न होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात योग्य ढग निवडून शास्त्रीय प्रयोग केला, त्यात पाऊस सुमारे 18 टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. यातून दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. ढगच नसतील तर पाऊस पाडता येत नाही. आणि शेजाऱ्याचा पाऊस यातून चोरीला जातो हे ठोसपणे सिद्ध झालेलं नाही. तिथे ओदा यांनी कथेसाठी एक पाऊल पुढे टाकलं आहे.

बंदीची कल्पनाही हवेतली नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने 1967 ते 1972 या काळात शत्रूचे रस्ते चिखलात बुडावेत म्हणून ढगांवर असे प्रयोग केले. त्यानंतर हवामानात असा फेरफार युद्धासाठी करू नये असा आंतरराष्ट्रीय करार 1977 मध्ये झाला.

अलाबास्टा वाचताना मला सगळ्यात खरी वाटते ती या भुकटीभोवतीची अफवा. टँकरची वाट बघत कळशांची रांग लावलेल्या माणसाला कुणी सांगितलं की तुझं पाणी वरच्या गावाने पळवलं, तर तो पुरावा मागत बसत नाही. क्रोकोडाइलला हे पक्कं ठाऊक आहे.

बरोक वर्क्सची रचना कशी आहे?

पुरुषाला आकडा आणि बाईला वाराचं किंवा सणाचं नाव, अशा जोड्या. आकडा जितका लहान तितका माणूस घातक. क्रोकोडाइल मिस्टर झिरो, त्याची जोडीदार निको रॉबिन म्हणजे मिस ऑल संडे. मिस्टर टू बॉन क्लेला वेगळी जोडीदार नाही. खाली शेकडो साधे हस्तक. एकमेकांचं खरं नाव विचारायचं नाही हा नियम. त्याचाच फायदा घेऊन विवी मिस वेन्सडे बनते आणि राजरक्षकांचा प्रमुख इगाराम मिस्टर एट बनून आत शिरतो. राजकन्येने शत्रूच्या संघटनेत खालच्या पायरीवर राहून माहिती काढायची, हे धाडस पुढे टोळीच्या पराक्रमात झाकलं जातं. तसं होऊ देऊ नका. कट उघडकीला आला तो विवीमुळे.

वाळवंटात लुफी विवीवर इतका का चिडतो?

बंडखोर युबा या गावात नाहीत असं कळल्यावर विवी त्यांच्या मागे कातोरेया या गावाकडे निघते. लुफी अडून बसतो. त्याचं म्हणणं एवढंच की क्रोकोडाइलला पाडल्याशिवाय काही थांबणार नाही. कुणीही मरू नये म्हणून तू एकटीच स्वतःचा जीव डावावर लावते आहेस, आणि तेवढ्याने भागणार नाही. आमचेही जीव डावावर लाव, आपण सोबती आहोत ना?

काही वाचकांना इथे लुफी उद्धट वाटतो. विवी त्याला मारते, तोही हात उचलतो, दोघं वाळूत लोळतात. माझ्या मते अख्ख्या भागाचं वळण इथेच आहे. तोपर्यंत विवी सगळ्यांना वाचवायला निघालेली असते आणि मदत मागणं म्हणजे दुसऱ्यांना संकटात लोटणं असं तिला वाटत असतं. रडत रडत ती क्रोकोडाइलचा ठावठिकाणा सांगते, तेव्हा पहिल्यांदा ती आपल्या देशाचं ओझं दुसऱ्यांच्या खांद्यावर टेकवते. लुफीला अलाबास्टाचं राजकारण कळत नाही आणि राज्यही नको असतं. त्याच्या सोबतीणीला रडवणारा माणूस कोण, एवढंच त्याला हवं असतं.

युबाचा तो म्हातारा कोण? त्याच्याबद्दल एवढं का बोललं जातं?

त्याचं नाव टोटो, तो कोझाचा बाप. युबा त्याने वसवलं. वाळूच्या वादळांनी गाव गिळलं, सगळे निघून गेले, तरी तो रोज विहीर उपसत राहतो. पाऊस राजाने चोरला यावर त्याचा विश्वास नाही. मुलगा बंडाचा नेता असूनही नाही. टोळी निघताना तो लुफीला रात्रभर खणून मिळालेलं पाणी छोट्याशा भांड्यात भरून देतो.

पुढे क्रोकोडाइल लुफीसमोर युबाच्या दिशेने वादळ सोडतो आणि त्या पाण्याची थट्टा करतो. क्रोकोडाइल आपलं अंग वाळूचं करू शकतो, पण अशा वाळूच्या माणसाला पाणी लागलं की तो सांडत नाही, घट्ट होतो आणि त्याला मारता येतं, हे लुफीला याच पाण्यातून उमगतं. राजाच्या फौजेला जे जमलं नाही, त्याची वाट एका म्हाताऱ्याच्या घोटभर पाण्याने दाखवली.

लुफी क्रोकोडाइलशी तीनदा का लढतो?

पहिल्या दोन्ही वेळा तो हरतो म्हणून. रेनबेसबाहेर त्याच्या पोटात क्रोकोडाइलच्या हाताला लावलेला आकडा घुसतो आणि तो वाळूत गाडला जातो. रॉबिन त्याला बाहेर काढते. अलुबार्नाच्या राजवाड्यात तो पाण्याचं पिंप पाठीला बांधून येतो आणि पहिले ठोसे लागतात, पण शेवटी क्रोकोडाइल त्याच्या अंगातलं सगळं पाणी शोषून घेतो. तिसरी लढाई जमिनीखालच्या राजसमाधीत. आता पाणी नाही, क्रोकोडाइलच्या आकड्यावर विष आहे, आणि लुफीच्या मुठी त्याच्या स्वतःच्या रक्ताने ओल्या आहेत. तेवढं पुरतं.

बाकीच्यांच्या लढायांपैकी कुठली चुकवू नये?

टोळीतला तलवारबाज झोरो आणि बरोक वर्क्सचा मिस्टर वन यांची. ज्याचं अंग पोलादाचं आहे त्याला कापायचं कसं, हे झोरोला तिथे कळतं. नामीची लढतही मन लावून बघा. टोळीतल्याच उसोपने बनवून दिलेली काठी अर्धवट चालते, पाय जखमी आहे, तरी ती मागे हटत नाही. उसोप आणि चॉपरची लढाई लांबते, तरी लुफीची चेष्टा ऐकून उसोप पुन्हा उठतो ते पान विसरता येत नाही.

कोझाने पांढरं निशाण दाखवलं तरी युद्ध का थांबत नाही?

विवी तीनदा युद्ध थांबवायचा प्रयत्न करते.

पहिल्यांदा ती कारू या बदकासोबत बंडखोरांच्या लोंढ्यासमोर एकटी उभी राहते. तिने जोराने हाक मारली तर कोझापर्यंत पोचेल इतकं अंतर. तेवढ्यात एक तोफगोळा पडतो, धूळ उठते, आणि लाखो लोकांची फौज तिच्या अंगावरून निघून जाते. कारू स्वतःच्या अंगाखाली तिला झाकून घेतो.

दुसऱ्यांदा राजवाड्यात कोझाला सत्य कळतं आणि राजसैन्यासह तो शरणागतीचं निशाण घेऊन बंडखोरांसमोर येतो. क्षणभर सगळं थांबतं. मग राजसैन्याच्या बाजूने गोळी सुटते आणि कोझा कोसळतो. शांततेची बोलणी बिघडवायला हजारो माणसं लागत नाहीत, योग्य जागी उभा असलेला एक पुरतो. क्रोकोडाइलने तो आधीच उभा करून ठेवलेला असतो.

तिसरा प्रयत्न घंटाघरातून. चौकावर साडेचारला तोफेचा गोळा पडणार असतो, पाच किलोमीटरचा परिसर उडवणारा. टोळीतले सगळे मिळून विवीला वर पोचवतात, ती तोफ थांबवते, आणि मग कळतं की गोळ्यालाच घड्याळ लावलेलं आहे. ससाण्याचं रूप घेणारा राजाचा रक्षक पेल तो गोळा पंजात धरून आकाशात नेतो. स्फोट होतो, खालचे लोक क्षणभर वर बघतात आणि पुन्हा लढायला लागतात. विवी वरून ओरडत राहते. कुणालाही ऐकू येत नाही.

मग समाधीतून फेकलेला क्रोकोडाइल जमीन फोडून शहराच्या वर उडतो आणि पाऊस सुरू होतो. धूळ बसते, तलवारींचा खणखणाट ओसरतो आणि तिचा आवाज खाली पोचतो. लुफीचा ठोसा महत्त्वाचा आहेच. पण ओदा यांनी पाऊस आणि विवीचा आवाज एकाच वेळी पोचवला, म्हणून अलाबास्टाची नायिका मला विवीच वाटते. शत्रू पाडायचं काम चाच्यांनी केलं. हत्यारं खाली ठेवायला लावणं तिचंच काम होतं.

पेल त्या स्फोटातून वाचतो कसा?

कथेत नीट कारण मिळत नाही. त्याची कबर बांधली जाते आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो. मला हा निर्णय पटलेला नाही. त्याच्या उड्डाणाची किंमत त्याने कमी होते.

बॉन क्ले वाईट माणूस आहे की चांगला?

नानोहाना त्याच्यामुळे जळलं, हे विसरायचं नाही. पण एकदा समुद्रात पडलेल्या बॉन क्लेला लुफीच्या टोळीनेच वर काढलेलं असतं. तो कोण हे माहीत नसताना सगळ्यांची गट्टी जमते. वेगवेगळे चेहरे दाखवताना तो कोब्राचाही चेहरा दाखवतो आणि विवीला धडकी भरते. टोळी त्यानंतर डाव्या हातावर फुलीची खूण करून वर पट्टी बांधते, ती याच्या सोंगापासून वाचण्यासाठी. युद्ध संपल्यावर नौदलाने टोळीचं जहाज घेरलं तेव्हा तो आणि त्याची माणसं त्यांची रूपं घेऊन नौदलाला स्वतःमागे ओढतात. मैत्रीसाठी तो जे करतो त्याने आधीचं पाप पुसलं जात नाही. दोन्ही एकाच माणसाने केलं, आणि म्हणून तो लक्षात राहतो.

देश चाच्यांनी वाचवला, मग श्रेय नौदलाला का मिळतं?

क्रोकोडाइलला सरदारकी जागतिक सरकारनेच दिलेली होती. त्याने एक राज्य गिळायला घेतलं आणि चाच्यांनी ते सोडवलं, हे कबूल करायचं म्हणजे सरकारने स्वतःची चूक जगासमोर मांडायची. म्हणून विजय स्मोकर आणि ताशिगी या नौदल अधिकाऱ्यांच्या नावावर टाकला जातो. स्मोकर हा सन्मान धुडकावतो. ताशिगी, जिने समोर सगळं पाहिलं आणि जिला काही करता आलं नाही, रडते. दरम्यान लुफीच्या डोक्यावरचं इनाम 3 कोटींवरून 10 कोटी बेरींवर (कथेतलं चलन) जातं आणि झोरोवर 6 कोटींचं लागतं. जगाच्या लेखी त्यांनी केलेल्या कामाची पावती ही एवढीच.

विवी टोळीत आहे की नाही?

अधिकृत यादीत नाही. लुफीला विचाराल तर आहे.

चौदाव्या वर्षी व्हायचा तिचा राजकन्येचा समारंभ दोन वर्षं लांबलेला असतो. त्या दिवशी ती पूर्वेच्या किनाऱ्यावर येते आणि तिथूनच अख्ख्या देशाशी बोलते. आपण सोबत येऊ शकत नाही, हा देश आपल्याला फार प्रिय आहे, पुन्हा कधी भेटलो तर मला सोबती म्हणाल का, असं ती टोळीला विचारते. नौदल ऐकत असतं. कुणी उत्तर दिलं तर राजकन्या चाच्यांची साथीदार ठरेल. म्हणून सहाही जण पाठ फिरवून उभे राहतात आणि फुलीची खूण असलेला डावा हात वर करतात.

तिने राहायला हवं होतं की जायला हवं होतं यावर चाहते आजही वाद घालतात. मी राहण्याच्या बाजूचा आहे. युबा पुन्हा वसवायचं होतं, एरुमालूचा कालवा बांधायचा होता, आणि एकमेकांवर तलवार उचललेल्या लोकांना शेजारी म्हणून जगायचं होतं.

रॉबिनला टोळीत घेणं चूक नव्हती का?

तेव्हा झोरोलाही तसंच वाटलं. ती क्रोकोडाइलची जोडीदार होती आणि विवीच्या दुःखात तिचा वाटा आहे. पण समाधीतल्या शिलालेखावर प्लुटॉन या प्राचीन शस्त्राचा ठावठिकाणा होता, आणि तो वाचूनही तिने क्रोकोडाइलला सांगितला नाही. तिला तिथेच मरायचं होतं, लुफीने तिला ओढून बाहेर काढलं. आठव्या वर्षापासून डोक्यावर 7 कोटी 90 लाखांचं इनाम घेऊन पळणारी ही बाई कोण, याचं पूर्ण उत्तर बरंच पुढे मिळतं.

अलाबास्टा म्हणजे इजिप्तच का?

छाप तिथली आहे. नेफरतारी हे दुसऱ्या रामसेसच्या राणीचं नाव. राजाचे दोन रक्षक, कोल्ह्याचं रूप घेणारा चाका आणि ससाण्याचं रूप घेणारा पेल, हे अनुबिस आणि होरस या देवतांची आठवण करून देतात. राज्याचा इतिहास मात्र ओदा यांचा स्वतःचा.

चित्रपट पाहिला तर मांगा वाचायची गरज आहे का?

आहे. 2007 मध्ये आलेला चित्रपट दिसायला देखणा आहे, पण साठेक प्रकरणं दीड तासात बसवताना प्रवास कापला जातो, आणि प्रवासाशिवाय निरोपाला वजन येत नाही. नेटफ्लिक्सच्या मालिकेचं 2023 मधलं पहिलं पर्व आर्लाँगपाशी थांबतं. पुढच्या पर्वात विवीच्या भूमिकेसाठी चारित्रा चंद्रन या भारतीय वंशाच्या ब्रिटिश अभिनेत्रीची निवड झाली.

मुलांना वाचायला द्यावं का?

बारा-तेरा वर्षांच्या पुढे खुशाल द्या. रक्त आहे, मृत्यू आहे, पण क्रौर्याची मजा घेतलेली नाही. वाचून झाल्यावर अफवेबद्दल त्यांच्याशी बोला. लोकांनी राजावर संशय का घेतला असं विचारलं तर मुलं चांगली उत्तरं देतात.

यानंतर विवीचं काय होतं?

इथे पुढच्या कथेचा मोठा भाग उघड होतो, तेव्हा सांभाळून. जगभरच्या राजांच्या परिषदेसाठी कोब्रा आणि विवी पवित्र भूमीवर जातात. आपल्या घराण्याच्या जुन्या राणी लिलीबद्दल कोब्रा तिथे प्रश्न विचारतो आणि प्रकरण 1085 मध्ये मारला जातो. विवी तिथून निसटते. क्रोकोडाइलच्या वेळी शत्रू एका सरदाराच्या मुखवट्याआड होता. आता तो जागतिक सरकारच्या रिकाम्या म्हणवल्या जाणाऱ्या सिंहासनावर बसला आहे आणि जगाला त्याचं नावही माहीत नाही. अलाबास्टा वाचून लगेच हे वाचायची घाई करू नका. आधी प्रकरण 218 घ्या.